तोंडी ‘हरकत नाही’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या तळेआळीतले सर्वांत ज्येष्ठ बागायतदार आदरणीय बेसिलभाऊ तुस्कानो; प्रमुख पाहुणे म्हणून वेळात वेळ काढून आलेले आपल्या धर्मग्रामाचे फादर कॉन्रॅड; ज्यांच्यासाठी आपण सगळे इथे जमलो त्या सत्कारमूर्ती, बालवाडीच्या अनसूयाबाई राऊत; या सभेची धावपळ एकटीने अंगावर घेतलेल्या मंडळाच्या चिटणीस मटिल्डाताई; आणि समोर बसलेल्या आळीतल्या, आळी सोडून गेलेल्या, आज विरारहून मुद्दाम आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी हिलरी डाबरे. वसईच्या कोर्टात वकिली करतो, हे सूत्रसंचालकांनी सांगितलंच. त्यांनी जे सांगितलं नाही ते मी सांगतो. बाईंनी बालवाडी सुरू केली त्या वर्षी चटईवर बसून सगळ्यात मोठ्याने रडणारा मुलगा मी होतो. माझी आई मला दारात सोडून मागे न बघता निघून जायची आणि बाई मला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या राहायच्या. ती खिडकी अजून आहे. त्यामुळे या माइकसमोर मी वकील म्हणून उभा आहे की तो रडका मुलगा म्हणून, ते माझं मलाच नीट कळत नाही. आपण सांभाळून घ्यावं.

बोलायला उठण्यापूर्वी मटिल्डाताईंनी माझ्या कानात एक विनंती केली. म्हणाल्या, “हिलरी, बालवाडीवर बोल, गाण्यांवर बोल, गॅदरिंगच्या गमती सांग. त्या विषयावर नको हं.” मी हो म्हटलं. ताई, मी खरोखर प्रयत्न करणार आहे. पण पत्रिकेवर तुम्ही छापलंत ‘सेवानिवृत्तीनिमित्त निरोप’, आणि हा हॉल भरला आहे तो निवृत्तीसाठी भरलेला नाही. बालवाडीच्या बाई निवृत्त झाल्या म्हणून कुणी रजा टाकून येतं का? सोमवारी सकाळी बाई कुठे जाणार आहेत, हे इथे एका तरी माणसाला ठाऊक नाही असं आहे का? सोमवारी त्या कोर्टात हजर होतील आणि तिथून त्यांना तुरुंगात नेतील. एका वर्षासाठी. बेकायदा बंदूक बाळगली म्हणून. वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केली, आता पुढे दार नाही. मी शोधून पाहिलं.

असो. बालवाडीवर बोलतो.

बाई लग्न होऊन इथे आल्या दादरहून. रमेशकाका राऊत म्हणजे चिकूची आणि केळीची बाग, पाण्याचा रहाट, बोलणं कमी. बाईंना आल्याआल्या आळीतल्या बोलण्याचा धक्का बसला असणार. आमच्या घरांत प्रेमाची भाषा कशी होती, ते तुम्हाला मी सांगायला नको. पोराच्या हातून पेला फुटला तर “फोडलास ना मेल्या!” आणि पाठोपाठ एक रट्टा. ख्रिस्ती घर असो, हिंदू घर असो, रट्टा तोच. बाईंनी बालवाडीत एक नवीनच रीत घातली. कुणाचं काही चुकलं, कुणाचा धक्का लागला, कुणी दुसऱ्याच्या डब्यातला लाडू खाल्ला, तर त्याने म्हणायचं, “माझं चुकलं.” आणि समोरच्याने लगेच, तोंड वाकडं न करता, म्हणायचं, “हरकत नाही.” सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं. मला अजून आठवतं, पहिले काही दिवस आम्हाला तो शब्द बोलताच येईना. आम्ही ‘हरकती नाय’ म्हणायचो. बाई हसायच्या नाहीत. पुन्हा म्हणून दाखवायच्या.

बघता बघता तो शब्द चटईवरून घराघरात गेला. पोरं घरी जाऊन आईला सांगायला लागली, असं म्हणायचं असतं. बेसिलभाऊंना तो त्यांच्या नातीने, रिचेलने शिकवला. त्या वयाचा माणूस, आयुष्यभर बागेत शिव्या घालून पाणी सोडलेला, पण त्या शब्दावर असा काही भाळला की मागतकऱ्याने हात पुढे केला तरी ‘हरकत नाय’ आणि कुणी शिडी मागितली तरी ‘हरकत नाय’. अध्यक्षमहाराज, मी थट्टा करत नाही. तुमच्या तोंडून तो शब्द ऐकायला बरं वाटायचं.

आणि कुणी बंदूक मागितली तरी.

मटिल्डाताई, चिठ्ठी मिळाली. ‘दोन मिनिटं’ असं लिहिलंय. हरकत... बरं. आटोपतो.

आपल्यातल्या तरुण मंडळींना आणि फादरांना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. पूर्वी या आळीत चार बंदुका होत्या. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरून गजाने ठासायची, मग बार काढायचा. शेतीच्या रक्षणासाठी म्हणून सरकारने परवाने दिलेले. वटवाघळं, रानडुकरं, आणि आता वानरं. पूर्वेला गोखिवऱ्याच्या बाजूचे डोंगर पोखरत चालले तशी वानरं रूळ ओलांडून आपल्याकडे आली, असं म्हणतात. कशीही आली असोत, आली ती राहायलाच आली. त्यांना मारायला आपल्याकडे कुणी बंदूक वापरली नाही. छर्रे घालायचेच नाहीत, नुसती दारू आणि चिंधी. आवाज झाला की टोळी पुढच्या आळीला जायची. दुसऱ्या दिवशी पुढच्या आळीवाले तिला परत पाठवायचे.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, असा हुकूम निघतो. तेव्हा आपल्या चारही बंदुका एकाच टेम्पोतून जायच्या. माझी आई म्हणायची, “बायका चालल्या माहेरपणाला.” निकाल लागला की पुन्हा टेम्पोतून घरी. गंमत होती. पण हळूहळू नियम वाढत गेले. नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला हवा, हत्यार हाताळायचं शिक्षण घेतल्याचा दाखला हवा, घरात कुलूपबंद जागा हवी. आता वकील म्हणून बोलतो: यातला एकही नियम चुकीचा नाही. बंदूक ही खुंटीला टांगायची टोपी नाही. पण म्हाताऱ्या बागायतदाराला एवढी दगदग नको झाली. एकाने परवाना सोडला, दुसऱ्याने सोडला. प्रत्येकजण सोडताना एकच वाक्य म्हणाला, “बेसिलची आहे ना.”

इथेच चुकलं. आपल्या सगळ्यांचं. आपण बंदुकीला पाण्याचा पंप समजलो. लग्नाचे मोठे टोप जसे आळीत एकाच घरी असतात आणि ज्याच्या घरी कार्य तो घेऊन जातो, घासून परत आणून देतो, तशी बंदूक. आळीची बंदूक, बेसिलभाऊंचा परवाना. असा काही प्रकार कायद्यात नाही, मित्रहो. परवाना बंदुकीला नसतो, घराला नसतो, आळीला तर नसतोच. परवाना माणसाला असतो. ज्याचं नाव त्याचाच हात. आणि शेतीरक्षणाचा परवाना असेल तर तोही त्याच्या स्वतःच्या शेतापुरता. म्हणजे बेसिलभाऊंनी स्वतः कुंपण ओलांडून बाईंच्या बागेत बार काढला असता तरी परवान्याची अट मोडलीच असती. वानरांना मात्र सातबारा वाचता येत नाही. ती येतात नि बसतात.

मग बाईंच्या स्वतःच्या घरची बंदूक कुठे गेली, असं तुम्ही विचाराल. विचारायला हवं. चौथी बंदूक रमेशकाकांची होती.

रमेशकाका गेले तेव्हा बाईंनी पहिलं काय केलं असेल? दिवसकार्य उरकायच्या आत बंदूक फडक्यात गुंडाळून पोलीस ठाण्यात नेऊन दिली आणि पावती घेतली. परवानाधारक गेला की हत्यार ताबडतोब जमा करायचं, हा नियम त्यांना ठाऊक होता, कारण रमेशकाकांनी सांगून ठेवलं होतं. आळीत कुणीही एवढ्या तातडीने एवढा नियम पाळलेला नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग त्यांनी वारस म्हणून ती बंदूक आपल्या नावे मिळावी असा अर्ज केला. बाग तर राखायची होती. त्या अर्जाला बाकीच्या वारसांची संमती लागते. त्या कागदाला आपण काय म्हणतो? ना-हरकत.

वारस दुसरा एकच, बाईंचा मुलगा. सुजय.

सुजय पुढच्या रांगेत बसला आहे, शेजारी कृतिकावहिनी आहेत. मी काल रात्री त्याला फोन करून विचारलं, की सांगू का? त्याने आधी कृतिकावहिनींना विचारलं. मग म्हणाला, “तू सांग. मला जमणार नाही.” म्हणून सांगतो. सुजयने ना-हरकत दिली नाही. त्याने लेखी कळवलं की माझी हरकत आहे. आई एकटी राहते, वय झालं, घरात माझी लहान मुलगी सुट्टीला येते, घरात बंदूक नको. तुम्ही काय लिहिलं असतं? मी वर्तमानपत्रं वाचतो. घरातल्या बंदुकीशी खेळताना काय होतं ते मीही वाचलं आहे. सुजयचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्याने ते आईवरच्या मायेपोटी लिहिलं होतं. मला राग येतो तो याचाच. कुणीतरी दुष्ट असता तर मी आज त्याला इथून चार शब्द सुनावले असते आणि घरी जाऊन झोपलो असतो.

बाईंनी तो नकार कसा घेतला, ठाऊक आहे? सुजय सांगायला आला, “आई, रागावू नकोस, मी असं असं लिहिलंय.” बाई म्हणाल्या, “हरकत नाही.”

पुढची गोष्ट तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण आपण ती एकमेकांना कधी मोठ्याने सांगितलेली नाही. त्या सकाळी बालवाडीला सुट्टी होती. बेसिलभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी, ओटीवर बसलेले. बाईंच्या केळीत टोळी उतरली. बाईंनी पत्रा वाजवला, फटाका लावला. वानरं फटाक्याला केव्हाच सरावली होती. घड कापणीला आलेले. बाई कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही येता का जरा?” बेसिलभाऊ म्हणाले, “माजा डोला बांदलाय गो, मी कसा येऊ? तूच ने.” बाई म्हणाल्या, “मी नेऊ?” आणि बेसिलभाऊ म्हणाले, “हरकत नाय. ने.”

बाईंनी नेली. रमेशकाकांना त्यांनी जन्मभर बंदूक ठासताना पाहिलं होतं. छर्रा घातला नाही. आकाशात एक बार काढला. टोळी गेली. बाईंनी नळी पुसली आणि बंदूक परत आणून दिली. घासून पुसून. टोप परत करावेत तशी.

पण कुंपणापलीकडे आता आळी नाही, मोठी इमारत आहे. तिथल्या बाल्कनीतून एका गृहस्थांनी पाहिलं की साडीतली एक बाई बंदूक उडवते आहे. त्यांनी मोबाइलवर चित्रण केलं आणि पोलिसांना फोन केला. त्यांना दोष देऊ नका. काही लोक अजूनही त्या इमारतीकडे बघून थुंकतात, ते मला आवडत नाही. त्यांचं मूल त्या आवाजाने किंचाळून उठलं होतं. नव्या माणसाला बार आणि गोळीबार यांतला फरक कळावा, अशी अपेक्षा आपण का ठेवायची? उद्या माझ्या खिडकीसमोर कुणी बंदूक झाडली तर मीही फोनच करेन.

पोलीस आले. महिला शिपाई होत्या, आणि त्यांच्याबरोबर जो हवालदार होता तो बालवाडीचाच. नाव सांगत नाही, त्याला नोकरी आहे. तो गाडीतून उतरला, बाईंना पाहिलं आणि तिथेच उभा राहिला. म्हणाला, “बाई, तुम्ही?” मग गाडीचं दार उघडून धरलं आणि खाली मान घालून म्हणाला, “बाई, माझं चुकलं.” बाई आत बसल्या. पदर सारखा केला. म्हणाल्या, “हरकत नाही.”

आता कायदा सांगतो, अगदी थोडक्यात. मटिल्डाताई माझ्याकडे बघत आहेत. परवान्याशिवाय बंदूक हातात असणं हाच गुन्हा. ती कुणाची, किती वेळ, कशासाठी, आत छर्रा होता का नुसती चिंधी, हे सगळं नंतरचं. दुसऱ्याची बंदूक न्यायची मुभा कायद्यात आहे, पण ती दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी, किंवा परवानाधारकाला स्वतःला वापरायची असेल तर. तीही तो समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारावर. लेखी. शेजारणीच्या केळीसाठी नाही. शिक्षा कमीत कमी दोन वर्षं. खास कारणं असतील तर न्यायाधीशांनी ती कारणं लिहून शिक्षा कमी करता येते. आमच्या न्यायाधीशांनी ती लिहिली. वय, विधवा, बालवाडी, कुणालाही इजा नाही. सगळं लिहिलं आणि दोनाचं एक वर्ष केलं. माणूस भला होता. याहून जास्त भलेपणा कायद्याच्या चौकटीत मावला नाही.

लोक मला विचारतात, वकीलसाहेब, तुम्ही काय केलंत? मी बेसिलभाऊंना म्हटलं होतं, तुमच्यावरही खटला आहे, तुम्ही काही न बोललात तरी चालतं. तुमचा तो हक्क आहे. बेसिलभाऊ बोलले. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, “सायब, तिनं मागली, मी म्हटलं हरकत नाय. आमच्यात असंच हाय.” न्यायाधीशांनी विचारलं, “आमच्यात म्हणजे कोणात?”

बेसिलभाऊंनी मागे वळून पाहिलं. बाईंनीही मागे वळून पाहिलं. मी पाहिलं त्या दोघांना बघताना. मागची बाकं रिकामी होती. सुजय एका टोकाला, बाकी कुणी नाही. आळीतलं एक माणूस नाही.

मला कळतं कुणी का आलं नाही. जो येऊन म्हणाला असता की होय साहेब, मीही नेत होतो ती बंदूक, तो त्याच क्षणी आरोपी झाला असता. वकील म्हणून मी कुणाला ‘या’ म्हणू शकत नव्हतो. कुणाची मुलं परदेशी जायची होती, कुणाचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं, कुणाला नुसती भीती वाटली. भीती वाटणं हा गुन्हा नाही. आणि तुम्ही सगळे येऊन बोलला असता तरी निकालातलं एक अक्षर बदललं नसतं, हेही मी वकील म्हणूनच सांगतो. मग बेसिलभाऊ पुढे वळले आणि म्हणाले, “आमच्यात म्हंजे, सायब, माज्याच घरात.”

तेवढं एक खोटं ते बोलले. आपल्याला वाचवायला.

कोर्टाने त्यांच्या प्रामाणिकपणाची वाखाणणी केली. वयामुळे दंडावर भागलं, परवाना रद्द झाला, बंदूक सरकारजमा झाली. आणि त्यांचा तोच प्रामाणिक शब्द बाईंविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला. बंदूक बाईंकडे गेली होती, हे आता मोबाइलवरून सिद्ध करायची गरजच उरली नाही. एका माणसाने मायेने लिहून दिलं, हरकत आहे. दुसऱ्याने मायेने तोंडी सांगितलं, हरकत नाही. बाई दोन्हींच्या मध्ये सापडल्या. मी रात्र रात्र विचार केला की यात कुणी काय वेगळं करायला हवं होतं. बाईंनी केळी जाऊ द्यायला हवी होती. एवढंच उत्तर येतं. ज्या बाईने नवरा गेल्यावर पहिल्यांदा नियम पाळला, तिने दुसऱ्यांदाही नियम पाळायला हवा होता आणि केळी वानरांना द्यायला हवी होती. हे कायद्याने अगदी बरोबर आहे. मला ते कुणाच्या तोंडावर सांगवत नाही.

निकालाच्या दिवसापासून बेसिलभाऊंनी तो शब्द टाकला आहे. तुमच्या लक्षात आलं असेल. आज हार घालताना मंडळाच्या एका पोराचा हात त्यांच्या चष्म्याला लागला, पोरगा म्हणाला, “सॉरी बाबा,” आणि बेसिलभाऊ नुसते त्याच्याकडे बघत राहिले. बालवाडीतही बाई हल्ली ‘असू दे’ म्हणतात. पोरं चुकलं म्हणाली की बाई म्हणतात, असू दे. पोरांना कळत नाही की हे नवीन काय. मंडळाला विनंती आहे की पुढच्या बाई ज्या कुणी येतील, त्यांनी जुनीच रीत शिकवावी. पण मला नाही वाटत कुणी शिकवेल. खरं सांगायचं तर पुढच्या बाई मिळतील असंही मला वाटत नाही. जाहिरातीला अजून एकही अर्ज आलेला नाही, हे ताईंनीच मला सांगितलं.

सुजयने परवा मला एक कागद आणून दिला. ना-हरकत. सही, तारीख, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, सुजय, याचा आता काही उपयोग नाही रे. अर्ज कधीच निकाली निघाला. तो म्हणाला, माहीत आहे, तरी ठेव. मी ठेवला आहे. वकिलाच्या कपाटात असे बरेच कागद असतात.

येताना मी बाईंच्या बागेवरून आलो. टोळी बसली होती, पत्र्यावर, रहाटाच्या कठड्यावर, अंगणातल्या तुळशीशीसुद्धा. कुणी हाकलत नव्हतं. सुजय विरारहून रोज कसा येणार? बाग विकायचं ठरलं आहे असं ऐकतो. आज आपल्या आळीत एकही बंदूक नाही, एकही परवाना नाही, आणि म्हणून कुठलाही नियम मोडला जात नाही. तळेआळी संपूर्ण कायदेशीर झाली आहे. अभिनंदन करायचं असेल तर यासाठी करा.

बाई, मी तुम्हाला शाल दिली नाही, श्रीफळ दिलं नाही, ते मान्यवरांनी दिलं. मी फक्त तुमची बाजू मांडली होती, आणि ती पडली. तुरुंगात काय न्यायचं, काय नेता येत नाही, ते मी लिहून दिलं आहे. चष्मा न्या. गोळ्यांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. गळ्यातली साखळी सुजयकडे ठेवा. आणि बाई, तिथे कुणी तुम्हाला येऊन ‘माझं चुकलं’ म्हणालं, तर तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. तिथे त्याची कुणी नोंद घेणार नाही.

ताई, संपवतो. अध्यक्षांनी मला बोलू दिलं, फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं, मटिल्डाताईंनी एकच चिठ्ठी पाठवली, या तिघांचा मी ऋणी आहे. मंडळाचे, हॉल विनामूल्य देणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्या मुलांचे आणि आपण सगळ्यांनी एवढा वेळ दिलात त्याबद्दल आपले आभार. मला जो विषय वर्ज्य होता तोच मी बोललो. एखाद्याला लागेल असंही बोललो असेन. पदरात घ्या. माझं चुकलं.

...

ऐकलंत, बाई? सगळा हॉल म्हणाला. एका सुरात. मला वाटलं नव्हतं. बेसिलभाऊ सोडून सगळे. कुणाची सवय गेलेली नाही, अजून तोंड वाकडं न करता म्हणतात, तुम्ही शिकवलंत तसंच.

मंडळी, त्या दिवशी कोर्टात बाईंनी मागे वळून पाहिलं तेव्हा हाच आवाज त्या शोधत होत्या. सोमवारी अकरा वाजता त्या पुन्हा त्याच दारातून आत जातील, आणि माझी खात्री आहे, सवयीने एकदा मागे वळून बघतील. कोण कोण येणार ते आत्ता हात वर करून सांगू नका. मला मोजायचे नाहीत.

धन्यवाद.